फाईलमधली वेळ

घरी पाहुणे आले की आई सांगायची, "मुलगी उल्हासनगरला टायपिंग करते." मी कधी दुरुस्त करायला गेले नाही. खरं काय ते समजावून सांगत बसले असते तर पाहुणे चहा अर्धा टाकून उठले असते. शिवाय आईच्या बोलण्यात निम्मं तथ्य होतंच. नव्वदच्या दशकातली माझी बरीच वर्षं टाईप करण्यात गेली. मी टाईप करत होते ते कुठल्याही भाषेतलं नव्हतं, एवढाच काय तो फरक.

राहायला आम्ही बदलापूरला, कात्रपला. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झाला आणि उल्हासनगरला वासवानी शेठच्या छोट्या कंपनीत लागले. ऑफिस फर्निचरच्या दुकानाच्या माळ्यावर होतं. दिवसभर खालून पॉलिशचा वास वर यायचा आणि संध्याकाळी घरी गेले की आई म्हणायची, आधी केस धू. शेठ पूर्वी टायपरायटर दुरुस्त करायचे. कॉम्प्युटर आले तसे त्यांनी ते धरले. नेटवर्क म्हणजे काय हे त्यांना शेवटपर्यंत नीट कळलं नाही, पण गिऱ्हाईक मात्र बरोबर कळायचं. अंबरनाथच्या कारखान्यांतून फोन आला की ते रिसीव्हरवर हात ठेवून मला विचारायचे, "बेटा, ये क्या बोल रहा है?" मी सांगायचे, आणि ते तेच वाक्य फोनवर अशा ऐटीत बोलायचे की जणू जन्मभर हेच करत आलेत.

आता काम काय ते सांगते. कारखान्यात चार कॉम्प्युटर एका केबलला जोडलेले असतात. ते एकमेकांशी तुकड्यातुकड्यांनी बोलतात. एका तुकड्याला पॅकेट म्हणतात, आणि असतंही ते पोस्टाच्या पाकिटासारखं. वर पाठवणाऱ्याचा पत्ता, घेणाऱ्याचा पत्ता, आत मजकूर. कुठे नेटवर्क बिघडलं की आम्ही त्या केबलला आमचं एक मशीन लावून ठेवायचो. ते येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट ऐकायचं आणि प्रिंटरवर छापत राहायचं. छापायचं ते हेक्समध्ये, म्हणजे शून्य ते नऊ आणि त्यापुढे ए ते एफ अशा सोळा खुणांच्या जोड्यांमध्ये. डावीकडे मोजणीचा आकडा, मग जोड्यांची ओळ. मोजणीचा आकडा पुन्हा शून्यावर आला की समजायचं, नवं पॅकेट सुरू झालं.

हे नुसतं वाचूनही अर्थ लावता येतो, पण डोळ्यांची वाट लागते. म्हणून मी एक प्रोग्रॅम लिहिला होता. त्या ओळी कॉम्प्युटरवर टाईप करून त्याला दिल्या की तो त्यांची कॅप्चर फाईल बनवायचा. कॅप्चर फाईल म्हणजे केबलवर जणू आत्ता पकडलेली पॅकेट्स. ती दुसऱ्या एका प्रोग्रॅममध्ये उघडली की सगळं साध्या शब्दांत समोर यायचं, हा याच्याशी बोलला, हे म्हणाला, त्यानं उत्तर दिलं किंवा दिलं नाही. त्या काळात आमच्या भागात हे करणारं दुसरं कोणी माझ्या तरी ऐकिवात नव्हतं. मला त्याचा थोडा माज होता, आणि पगाराकडे पाहता तो परवडण्यासारखा होता.

कोणी विचारेल, मशीनवरून सरळ फ्लॉपीवर का नाही घ्यायचं? कारण कारखान्यांचे गेट. आत फ्लॉपी नेलेली चालायची, बाहेर आणलेली चालायची नाही. कारखान्यातली माहिती चोरीला जाईल ही भीती. कागद मात्र सिक्युरिटीचा शिक्का मारून बाहेर यायचा, कारण त्यावरचं काही समजत नाही म्हटल्यावर त्यात चोरण्यासारखं काय असणार. मग तो घडीघडीचा कागद पिशवीत घालून उल्हासनगरला आणायचा आणि बसायचं. आमच्या ऑफिसातली हेमा मोठ्यानं वाचायची आणि मी टाईप करायचे. पंख्याच्या घरघरीत बी, सी, डी, ई सारखेच ऐकू येतात, म्हणून आम्ही आमची बाराखडी केली होती. ए अंबरनाथ, बी बदलापूर, सी चामटोली, डी डोंबिवली, ई ईस्ट, एफ फर्निचर. हेमा सिंधी, तिला बदलापूरजवळचं चामटोली गाव कुठे आहे ठाऊक नव्हतं, पण दिवसातून शेकडो वेळा ती तिथे जाऊन यायची.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. उल्हासनगरच्या एका कापडवाल्याचं नेटवर्क रोज दुपारी जेवणाच्या आधी बंद पडायचं आणि जेवणानंतर सुरू व्हायचं. त्याला पक्कं वाटत होतं की शेजारचा दुकानदार तार लावून त्याचे भाव चोरतो. आम्ही मशीन लावलं, पॅकेट्स अर्ध्यात तुटलेली दिसली, आणि जाऊन पाहिलं तर त्याच्याच माणसांनी जेवणाचे डबे भिंतीवरच्या केबलला टांगलेले होते. दुसऱ्या एका व्यापाऱ्याच्या फाईलनं माझ्या प्रोग्रॅमला रडवलं. हेक्सच्या उजवीकडे कधी कधी त्याच मजकुराची साधी अक्षरंही छापलेली असतात, ती सोडून द्यायची असतात. या व्यापाऱ्याकडे प्रत्येक पार्टीच्या नावापुढे सिंधी पद्धतीनं दादा लावलेलं. इंग्रजीत लिहिलेलं दादा म्हणजे डी ए डी ए, चारही अक्षरं हेक्समध्ये बसणारी. प्रोग्रॅमनं सगळ्या दादांना आकडे समजून पॅकेटमध्ये घुसडलं. शेठ खूप हसले. म्हणाले, "दादा लोग तो हर जगह घुसते हैं, बेटा."

आता जे लिहायचं म्हणून बसले ते लिहिते.

कॅप्चर फाईलमध्ये प्रत्येक पॅकेटच्या आधी त्याची वेळ लिहावीच लागते. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्यासारखी. ती जागा रिकामी सोडता येत नाही. पण आमच्या कागदावर वेळ नसायची. वेळ छापली की प्रत्येक पॅकेटमागे एक ओळ वाढते, कागद आणि रिबन जास्त जाते, आणि आमच्या कामाला त्या वेळेची गरजच नसायची. कोण कोणाशी बोललं आणि कुठे अडलं, एवढं कळलं की बिघाड सापडायचा. तेव्हा वेळ न छापता मशीन लावायचं, ही आमची रीत होती, आणि कारखान्यांनाही ती ठाऊक होती. मग फाईलमधली जागा भरायला माझा प्रोग्रॅम स्वतःच वेळ द्यायचा. पहिल्या पॅकेटला कुठलीतरी एक वेळ, पुढच्याला त्याहून सेकंदाचा हजारावा भाग जास्त, त्यापुढच्याला आणखी तेवढाच. अगदी नीटनेटकी वेळ, आणि सगळीच्या सगळी बनावट.

अंबरनाथच्या एका रसायनांच्या कारखान्यात वर कंट्रोल रूम होती आणि खाली रिअ‍ॅक्टरचा, म्हणजे रसायनं शिजवायच्या बंद टाकीचा, हॉल. वरच्या कॉम्प्युटरवर ऑपरेटर बसायचा. खाली रिअ‍ॅक्टरला जोडलेल्या पॅनलकडून त्याला रिअ‍ॅक्टरचं तापमान यायचं, आणि ते चढू लागलं की तो बटण दाबून त्याच पॅनलमार्फत थंड पाण्याचा व्हॉल्व्ह उघडायचा. ते पॅनल अधूनमधून मुकं व्हायचं. बोलणं बंद, उत्तर बंद. ते का होतं हे शोधायला आम्हाला बोलावलं होतं, म्हणून आमचं मशीन आणि प्रिंटर त्या दिवशी कंट्रोल रूममध्ये चालू होते.

त्या दिवशी पॅनल मुकं झालं आणि रिअ‍ॅक्टर तापत गेला. खाली मोरे नावाचा कामगार होता. स्फोटात तो जागीच गेला. वर ऑपरेटर होता दत्ता भोईर, चामटोलीचा. घरची शेती, आणि कारखान्यात लागलेला घरातला तो पहिलाच. हातानं उघडायचा व्हॉल्व्ह खाली असतो, तिकडे धावत जाताना तो जिन्यातच भाजला. धावपळीत वीज तोडली तेव्हा आमच्या मशीनच्या आतलं सगळं पुसलं गेलं. खाली तापमानाची रेघ ओढणारं यंत्र होतं ते आगीत गेलं. उरला तो प्रिंटरमधला कागद.

दत्ताभाऊंचं म्हणणं असं की, पडद्यावरचा तापमानाचा आकडा हलत नव्हता म्हणून शंका आली आणि त्यांनी पाण्याचं बटण दाबलं. काही झालं नाही म्हणून पुन्हा दाबलं, मग तिसऱ्यांदा, आणि मग ते खाली धावले. कंपनीचं म्हणणं असं की, त्यांचं लक्ष नव्हतं, आणि स्फोट झाल्यावर त्यांनी काय ते एकदा बटण दाबलं. पहिलं खरं ठरलं असतं तर दोष पॅनलचा, म्हणजे ते वेळेवर न बदलणाऱ्यांचा. दुसरं खरं ठरलं तर मोरेचा मृत्यू दत्ताभाऊंच्या माथी, आणि नोकरी गेलीच.

चौकशीसाठी मुंबईहून एक सल्लागार यायचे होते. त्यांना हेक्स नको होतं, फाईल हवी होती. हेमानं तो कागद वाचला तेव्हा पहिल्यांदाच आमच्यात थट्टा झाली नाही. शेवटचं तापमान आलं त्यापुढे पॅनलकडून काहीच नव्हतं. त्यानंतर कंट्रोल रूमकडून गेलेली तीन पॅकेट्स, तिन्हींत पाणी सोडायची आज्ञा. अशा प्रत्येक आज्ञेत एक अनुक्रमांक असतो. एकदा दिलेली आज्ञा कॉम्प्युटरनं आपोआप परत पाठवली तर क्रमांक तोच राहतो, माणसानं पुन्हा दाबलं तर बदलतो. तिन्हींचे क्रमांक वेगळे होते. म्हणजे बटण तीनदा दाबलं गेलं होतं. मला हायसं वाटलं.

फाईल केली, फ्लॉपीवर घातली आणि फ्लॉपीवर लेबल चिकटवलं, यातल्या वेळा खऱ्या नाहीत, प्रोग्रॅमनं घातलेल्या आहेत. फाईलच्या आत असं काही लिहायची सोयच नसते. कंपनीच्या इंजिनिअर साहेबांच्या हातात फ्लॉपी देताना तोंडीही सांगितलं. ते म्हणाले, "हो, हो, नेहमीचंच आहे." मग सल्लागारांनी फाईल आपल्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतली, आणि लेबल फ्लॉपीवर राहिलं.

चौकशी कंपनीच्याच एका खोलीत होती. चौकशी अधिकारी एक वकील होते, आवाज मऊ. सल्लागार शेजारी. समोर दत्ताभाऊ, हाताला अजून पट्ट्या. मला साक्षीला बोलावलं होतं. सल्लागारांनी आधीच अहवाल दिला होता की तिन्ही आज्ञा सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या अंतरानं गेल्या आहेत, आणि कोणताही माणूस इतक्या वेगानं बटण दाबू शकत नाही. म्हणजे बटण एकदाच दाबलं गेलं, पुढच्या दोन आज्ञा कॉम्प्युटरनं आपोआप पाठवल्या.

मी म्हणाले, "साहेब, ते अंतर खरं नाही. कागदावर वेळ नव्हती. माझ्या प्रोग्रॅमनं ती घातली आहे. तुम्ही आज्ञांचे क्रमांक बघा, ते वेगळे आहेत."

वकिलांनी चष्मा काढला. "मॅडम, ही फाईल तुम्हीच बनवली?"

"हो."

"आणि यातल्या वेळा खोट्या आहेत, असं तुम्हीच म्हणता."

"वेळा फक्त. बाकी सगळं कागदाबरहुकूम आहे."

"एकाच फाईलमधलं हे खोटं आणि ते खरं, हे कोण ठरवणार? तुम्हीच?"

मी म्हणाले, मूळ कागद बघा. ते म्हणाले, तो या खोलीत कोणाला वाचता येतो? सल्लागार खिडकीबाहेर बघत होते. मग वकिलांनी फार सौजन्यानं मला दोन वाटा दाखवल्या. फाईल खरी असेल तर सगळी खरी, वेळेसकट. खोटी असेल तर सगळी बाजूला ठेवू आणि बाकीच्या साक्षींवर जाऊ. बाकीची साक्ष म्हणजे सुपरवायझरची, आणि तो आधीच सांगून गेला होता की भोईर डुलक्या काढत होता.

मी दत्ताभाऊंकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत होते. डॉक्टर आता काय सांगणार, अशा तऱ्हेनं. वेळ खरी आहे म्हटलं तर ती त्यांना दोषी ठरवत होती. खोटी आहे म्हटलं तर त्यांच्या बाजूचे तीन क्रमांकही जात होते. मी जे होतं ते सांगितलं. वेळ खोटी आहे, साहेब. वकिलांनी फाईल बाजूला ठेवायला सांगितली आणि माझे आभार मानले.

दत्ताभाऊंना कामावरून काढलं. पॅनल पुढच्या महिन्यात गुपचूप बदललं. आम्हाला त्या कारखान्यातून पुन्हा बोलावणं आलं नाही. शेठ मला एका शब्दानं बोलले नाहीत. फक्त त्या दिवसापासून प्रत्येक मशीनवर वेळ छापायची, कितीही कागद जाऊ दे, असं त्यांनी सांगितलं. मला त्याचाही राग आला. कोणावर ते कळत नव्हतं म्हणून सगळ्यांवर आला, आणि तो पुढे बरीच वर्षं पुरला.

नंतर एका रविवारी दत्ताभाऊ आमच्या घरी आले. बरोबर शेतातल्या वालाच्या शेंगा. आईला वाटलं कोणी भाजीवाला. हाताची कातडी आखडलेली होती, पेला दोन्ही हातांनी धरून त्यांनी चहा प्यायला. मला वाटलं, कोर्टात जायचंय, कागद मागायला आले असतील. कागद मी जपून ठेवला होता. मी तो काढू लागले तर म्हणाले, "नको, ताई. त्याच्यासाठी नाय आलो."

मोरेची बायको अंबरनाथला शिवमंदिराजवळ राहायची. दत्ताभाऊ तिला दर महिन्याला भेटायला जात होते. ती नुसतं पाणी द्यायची. या वेळी तिनं विचारलं होतं, तुम्हाला कळल्यावर तुम्ही खाली यायला किती वेळ लावलात.

"मंग मी काय सांगू?" दत्ताभाऊ म्हणाले. "मना ठावंच नाय, ताई. कधी वाटतं पटपट दाबलं आन् पळालो. कधी वाटतं बसूनच व्हतो, आता व्हईल, आता व्हईल करत. पयल्यांदा दाबलं तवाच खाली गेलो असतो तर तो वाचला असता का? मधी किती वेळ गेला, ते तुमच्या कागदात आसंल ना?"

मी त्यांना नाही म्हणून सांगितलं. नेमकं तेच कागदात नव्हतं. कागदात सगळं होतं, कोणी पाठवलं, कोणाला, काय, कितव्यांदा. मधली वेळ तेवढी नव्हती, आणि ती आता जगात कुठेच नव्हती.

त्यांनी पेला दोन्ही हातांनी खाली ठेवला. मग म्हणाले, "तिला तुम्हीच सांगा. तुम्ही मशीनवाल्या बाई, तुमचं ती ऐकंल. दत्ता लगेच आला म्हनावं."

मी गेले. दोन खोल्यांचं घर, दाराशी मंदिराला जाणाऱ्यांच्या चपलांचा आवाज. मोरेच्या बायकोनं मलाही आधी पाणी दिलं. मी माझ्या फाईलची छापलेली प्रत नेली होती. तिच्यापुढे धरली आणि म्हणाले, "वहिनी, या तीन आज्ञा. यांच्यामध्ये सेकंदसुद्धा गेलेला नाही. ते लगेच धावले." चौकशीत जी वेळ मी खोटी म्हणून सांगितली होती, तीच मी तिला बोट ठेवून दाखवली. तिनं त्या आकड्यांवरून हात फिरवला. म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मला उगीच वाटत होतं, की ते वर बसून राहिले." आणि मग ती रडली. स्फोटाच्या दिवसानंतर पहिल्यांदाच रडली, असं दारात आलेली शेजारीण म्हणाली. मला स्वतःची लाज वाटली नाही. आजही वाटत नाही.

दत्ताभाऊ मंदिरामागे नदीच्या कठड्यापाशी थांबले होते. मी सांगितलं, तिला पटलं, तिला बरं वाटलं. त्यांनी मान हलवली. आम्ही स्टेशनकडे चालू लागलो. थोडं पुढे गेल्यावर ते थांबले.

"ताई, मनाबी तसंच सांगा."

ज्या खोलीत मी वेळ खोटी आहे म्हणाले त्या खोलीत हा माणूस माझ्या समोर बसलेला होता. तरी मी सांगितलं. म्हणाले, "दत्ताभाऊ, तुम्ही अजिबात थांबला नाहीत. लगेच गेलात."

त्यांनी डोळे मिटून ऐकून घेतलं. चेहरा जरा सैल झाला. मग डोळे उघडून त्यांनी मला विचारलं, "लगेच म्हंजे किती?"